कोहळ्याची बाकर भाजी आणि पाहुण्यांची यादी

जेवायला कोण कोण येणार ही एक यादी, आणि त्यांना काय काय चालत नाही ही दुसरी. हल्ली दुसरीच जास्त लांब असते. मुलीची मैत्रीण दूध-तुपालाही हात न लावणारी, शेजारचं जैन कुटुंब, सासऱ्यांची साखर, मावशीची एकादशी, आणि एखादा आतेभाऊ असा की ताटात मासळी दिसली नाही तर ‘आज कुणाचा उपवास?’ म्हणून विचारणारा. यजमान मग पाच जणांसाठी पाच भांडी चढवतो. कशातच धड लक्ष राहत नाही, आणि जेवायच्या वेळी जो तो आपल्यापुरती वाटी ओढून बसतो.

त्यापेक्षा एक भाजी अशी करावी जी प्रत्येकाच्या पानात जाईल. बाकीचे पदार्थ कुणाला चालोत, न चालोत. माझं मत विचाराल तर ती लाल भोपळ्याची करावी, आणि लाल भोपळ्याचीही विदर्भातली बाकर भाजी करावी.

भोपळ्याचं नाव काढलं की निम्मी माणसं तोंड वाकडं करतात, हे मला माहीत आहे. त्यात भोपळ्याचा दोष थोडा आणि आपला जास्त. पाणी घालून शिजवायचा, त्याचा गिचका करायचा, वर चिमूटभर मीठ-साखर टाकायची आणि मग मुलं खात नाहीत म्हणायचं. बाकर भाजीत फोडी अखंड राहतात. भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचा भरड मसाला त्यांना लपेटून बसतो, चिंच-गुळाने चव चढते आणि कडेने लाल तेल सुटतं. विदर्भात ही सणावाराची, पंगतीची भाजी. तिच्यात कांदा नाही, लसूण नाही, दूध-दही नाही. कुणाच्या पथ्यासाठी काही काढून टाकून ती बनवलेली नाही, ती मुळातच तशी आहे. हा फरक जिभेला कळतो. काढून टाकून केलेल्या पदार्थात कुठेतरी पोकळी राहते आणि पाहुणा कितीही भला असला तरी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

आधी फोन करा. ‘तुम्हांला काय चालत नाही?’ असं थेट विचारण्यात संकोच कसला? पाहुण्यालाही ते बरंच वाटतं. पण उत्तर मोघम मिळतं, म्हणून पुढचे प्रश्न आपल्याला ठाऊक हवेत.

कुणी ‘मी व्हीगन आहे’ म्हटलं तर दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मध हे सगळं गेलं. यात घात करतं ते तूप. भाजी उतरवताना वरून चमचाभर तूप सोडायची सवय हाताला इतकी बसलेली असते की घरातली आई किंवा स्वयंपाकाच्या बाई कौतुकानेच ते सोडून मोकळ्या होतात. म्हणून स्वयंपाकघरात जो कुणी येणार-जाणार असेल त्याला सकाळीच सांगून ठेवा, आणि तुपाचं भांडं ओट्यावरून उचलून आत ठेवा. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होऊ नका. तो फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो आणि त्यात दूध येतं. व्हीगन पदार्थांसाठी आपल्याकडे 2022 सालच्या नियमांनी वेगळं चिन्ह ठरवलेलं आहे, पण साध्या मसाल्याच्या पाकिटावर ते दिसेलच असं नाही. तेव्हा घटकांची यादी वाचायची.

जैन पाहुण्यांच्या बाबतीत कांदा, लसूण, बटाटा चालत नाही एवढं सगळ्यांना माहीत असतं. आलं आणि ओली हळदही जमिनीखालची, म्हणून तीही बाद. सुंठ आणि हळदपूड मात्र बहुतेक घरांत चालते. ज्या फळात बिया फार ते न खाणारेही काही जण असतात. ते वांगं खात नाहीत आणि खसखसही नको म्हणतात, आणि बाकर भाजीच्या मसाल्यात नेमकी खसखस असते, म्हणून हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नको म्हणाले तर तेवढे तीळ वाढवायचे, भाजीचं काही बिघडत नाही. आणखी एक, तिथी विचारा. अष्टमी-चतुर्दशीला किंवा पर्युषणात बरीच कुटुंबं ताजी भाजीच खात नाहीत. त्या दिवशी भोपळाही उपयोगाचा नाही, बेत दुसऱ्या दिवसावर ढकललेला बरा. चौविहार करणारे असतील तर जेवण सूर्यास्ताच्या आत उरकावं लागतं. रात्री नऊचं आमंत्रण त्यांना देण्यात अर्थ नाही. थंडीच्या दिवसांत साडेपाचलाच पानं मांडावी लागतील, आणि त्या वेळेला बाकीच्यांना भूक लागलेली नसेल. अशा वेळी मी दुपारचंच जेवण ठेवा म्हणेन.

ॲलर्जीचं उत्तर मिळालं तर ते पथ्यासारखं ऐकू नका, ते त्याच्या वरचं आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर कूट तर नकोच, पण घाण्याचं शेंगदाणा तेलही नको. सूर्यफुलाचं किंवा करडईचं घ्या. काजू-पिस्त्याची असेल तर चारोळी वगळा, कारण ती त्याच कुळातली आहे. तिळाची ॲलर्जी असणारेही असतात. मग मसाल्यात तीळ नको आणि तिळाचं तेलही नको, खोबरं वाढवून निभवायचं. गव्हातलं ग्लुटेन ज्यांना बाधतं त्यांच्यासाठी दोन जागा नीट पाहाव्या लागतात. एक हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पुष्कळदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. तांदळाचं पीठ मिसळलेला हिंगही मिळतो, तो शोधा, नाहीतर त्या दिवशी हिंगच घालू नका. दुसरी जागा पिठाची गिरणी. ज्वारीच्या भाकरीत ग्लुटेन नसतं म्हणून आपण ती पुढे करतो, पण गिरणीत आपल्या आधी कुणाचा तरी गहू दळून गेलेला असतो आणि जात्यात राहिलेलं पीठ आपल्या डब्यात येतं. ज्याला खरोखरच त्रास होतो त्याला सरळ भात वाढा.

साखर असलेल्यांचं तितकं अवघड नाही. भोपळ्याच्या गोडीची धास्ती घेतली जाते, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वाटीभर भाजीने सहसा काही होत नाही. काळजी करायची ती गुळाची, आणि गूळ पडायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढता येते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम कमी खायला सांगितलेलं असेल तर मात्र भोपळा वाढण्याआधी त्यांना विचारा.

एवढं कळलं की नियम एकच उरतो. कढईत फक्त तेवढंच जाईल जे सगळ्यांना चालतं. ज्याला जे जास्तीचं हवं ते टेबलावर वाटीत ठेवायचं. पडलेला कांदा कुणाला काढता येत नाही, पण वरून हवा तेवढा घेता येतो.

आता बाजार. विदर्भात ज्याला कोहळं म्हणतात तोच हा लाल भोपळा. मराठवाड्यात डांगर किंवा काशीफळ. पुण्या-मुंबईच्या मंडईत ‘कोहळा’ मागितलात तर पेठ्याचा, पांढऱ्या गराचा, हातात येईल, तेव्हा तिथे लाल भोपळाच म्हणा. अख्खा घेणार असाल तर देठ वाळलेला, करकरीत आणि जागेवर असलेला बघा. साल इतकी टणक हवी की नख रुतता कामा नये. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. असा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी कित्येक आठवडे सहज टिकतो, त्यामुळे समारंभाच्या आदल्या दिवशीची धावपळ वाचते.

आपण बहुतेक जण कापलेली फाकच घेतो. तिथे रंग बघा. फिकट पिवळ्या गराची फाक पाणचट निघते, गर्द केशरी हवी. गर जाड आणि मधली पोकळी लहान असली की पैसे वसूल. बियांच्या भोवतीचे धागे ताणलेले आणि ओलसर असावेत. ते लिबलिबीत झाले असतील किंवा कडा सुकून आत वळल्या असतील तर फाक शिळी आहे, दुसरी कापायला सांगा. भाजीवाल्या मावशी कुरकुरतील, कुरकुरू द्या.

घरी आणल्यावर आधी बिया आणि धागे खरवडून काढा. त्यांच्यामुळेच भोपळा लवकर खराब होतो. काढून, फडक्यात गुंडाळून ठेवला तर फ्रिजमध्ये चार दिवस राहतो. बिया फेकू नका, त्यांचं काम पुढे आहे. आणि चिरायला घेण्याआधी कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा चाखून बघा. हा सोपस्कार फार थोडे लोक करतात, पण दहा जणांसाठी करताना तो सोडू नये. क्वचित एखादा भोपळा कडू निघतो. तो कडूपणा शिजवून, गूळ घालून जात नाही आणि पोटाला बाधतो. कडू लागला तर अख्खाच्या अख्खा टाकून द्यायचा, मनाला लावून घ्यायचं नाही.

दहा-बारा जणांना, आणखी दोन-तीन पदार्थ असतील असं धरून, सालासकट दीड किलो भोपळा पुरतो. साल काढू नका. कोवळ्या किंवा मध्यम भोपळ्याची साल शिजून मऊ होते आणि तीच फोडीला धरून ठेवते. सोललेल्या भोपळ्याची बाकर भाजी करायला घेतलीत तर उतरवेपर्यंत तिचं भरीत झालेलं असतं. फार जून, लाकडासारखी साल असेल तरच तिचे पट्टे काढा, तेही एक आड एक. फोडी दीड इंचाच्या, आणि सगळ्या सारख्या. लहान-मोठ्या झाल्या तर लहान विरघळतात आणि मोठ्या कच्च्या राहतात.

मसाल्याला सुकं खोबरं किसून एक वाटी, तीळ तीन मोठे चमचे, खसखस दोन मोठे चमचे, धने दोन मोठे चमचे, जिरं एक छोटा चमचा, सहा-सात मिरे, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि असलं तर थोडं दगडफूल. सगळं एकदम कढईत टाकून भाजलं तर खोबरं करपेल आणि धने कच्चे राहतील. आधी धने, मिरे, लवंगा, दालचिनी, दगडफूल मंद आचेवर, वास सुटेपर्यंत. मग जिरं. मग तीळ, ते तडतडायला लागले की लगेच काढायचे. खसखस त्याच गरम कढईत, गॅस अगदी बारीक करून, रंग जेमतेम बदलेपर्यंत. खोबरं सर्वांत शेवटी. त्याच्याजवळून हलायचं नाही, कारण पिवळसर ते तपकिरी हा प्रवास ते मिनिटभरात करतं आणि कढई उतरवल्यावरही थांबत नाही. बदामी झालं की ताटात पसरा. गार झाल्यावर सगळं भरड वाटा. मिक्सर सलग चालवलात तर खोबऱ्या-तिळाचं तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबून थांबून, दोन-तीन झटक्यांत. बोटांत चोळल्यावर रवाळ लागलं पाहिजे.

खसखस सध्या बरीच महाग आहे आणि परदेशातल्या मराठी वाचकांपैकी संयुक्त अरब अमिराती किंवा सिंगापूरमध्ये असणाऱ्यांनी तर ती बॅगेत नेण्याचा विचारही करू नये, तिथे तिला कायद्याने बंदी आहे. तिच्या जागी तीळ आणि थोडी मगज बी घ्या. अमेरिका-युरोपात आपला भोपळा मिळाला नाही तर बटरनट स्क्वॅश चांगला जमतो. ऑक्टोबरात कोरायला विकतात ते मोठे नारिंगी भोपळे पाणचट आणि दोऱ्यांचे असतात, त्यांच्या नादी लागू नका.

तयार मसाले वापरायची वेळ आली तर गोडा मसाला या भाजीला जवळचा आहे आणि त्यात सहसा कांदा-लसूण नसतो. ‘कांदा-लसूण मसाला’ तर नावातच कबूल करतो. पण ‘काळा मसाला’, ‘सावजी मसाला’, ‘भाजी मसाला’ या नावांखाली काय असेल ते पाकिट उलटल्याशिवाय सांगता येत नाही.

कढई पसरट घ्या. फोडींचे दोन थर, फार तर तीन. खोल पातेल्यात खालच्या फोडी वरच्यांच्या भाराने चेपतात. तेल सढळ हाताने, मोठ्या चार-पाच पळ्या. इथे काटकसर करू नका. या भाजीला तुपाचा आधार नाही, कांद्याच्या वाटणाचा नाही, जे काही अंग येतं ते तेलातून आणि खोबऱ्यातून. तेल तापल्यावर मोहरी, ती तडतडली की अर्धा चमचा मेथीदाणे. भोपळ्याच्या गोडीला मेथीच्या कडवटपणासारखी जोड नाही, पण तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. दाणे फुगून तांबूस झाले की पुढचं घालायचं. काळे पडले तर कढई पुसून पुन्हा सुरुवात करा. मग हिंग, कढीपत्ता, दोन-तीन सुक्या मिरच्या, हळद, आणि लगोलग भोपळा, म्हणजे हळद जळत नाही.

मीठ आत्ताच घालायचं. मिठाने फोडींना पाणी सुटतं आणि त्याच पाण्यात त्या शिजतात. वरून एक थेंबही लागत नाही. एकदा खालीवर करून झाकण ठेवा, झाकणावर पाणी घाला आणि आच मंद करा. पाच-सात मिनिटांनी झाकण उचललंत तर तळाशी पिवळंधमक पाणी जमलेलं दिसेल. आता दोन मोठे चमचे तिखट आणि निम्मा मसाला भुरभुरवा. डाव घालून ढवळू नका. दोन फडक्यांनी कढईचे कान धरून हलकेच घोळवा, फोडी आपोआप फिरतात.

चिंच अजून नाही. आंबट पडलं की भोपळा शिजायचा थांबल्यासारखा होतो, फोडी बाहेरून मऊ आणि आतून दडदडीत राहतात. घाईत चिंचेचा कोळ आधी ओतणारे आणि मग अर्धा तास गॅस जाळणारे पुष्कळ आहेत. सुरीचं टोक गरातून सहज जाऊन सालीपाशी किंचित अडलं की भोपळा झाला. साखरेचं पथ्य असलेल्यांच्या फोडी इथे वाटीत काढून ठेवा, त्यांच्यावर मसाला आणि चमचाभर कोळ वेगळा घाला. उरलेल्या भाजीत लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, त्याच्या निम्मा गूळ, राहिलेला मसाला, मूठभर मनुका आणि कुणाला वर्ज्य नसेल तर दोन चमचे चारोळी. खोबऱ्याचे पातळ काप तळून घातले तर आणखी छान. परत एकदा घोळवून, झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं. पाणी आटून कडेला तेल दिसू लागेल. त्याच क्षणी गॅस बंद. आतल्या उष्णतेने सालीपाशी राहिलेली कसर भरून निघते.

लगेच वाढू नका. ही भाजी तासभर मुरली की मसाला फोडींत शिरतो. म्हणूनच ती पाहुण्यांसाठी सोयीची: सकाळी करून झाकून ठेवायची आणि वाढायच्या आधी मंद आचेवर नुसती गरम करायची. मायक्रोवेव्हमध्ये कडा कोरड्या पडतात, कढईच बरी.

आता मासळीवाल्या आतेभावाकडे वळू. त्याला काय कमी पडतं याचा विचार केला तर ते मांस क्वचितच असतं. त्याला झणका हवा असतो, दाताखाली काहीतरी यायला हवं असतं आणि भाकरी बुडवायला तेलकट, लाल काहीतरी लागतं. सोयाचे गोळे भोपळ्यात घालून त्याला मटणाची आठवण करून देण्याचा प्रकार मला अजिबात पटत नाही. त्याच्यासाठी वाट्या मांडा. एकीत लसूण-मिरचीचा ठेचा, दुसरीत बारीक चिरलेला कच्चा कांदा, तिसरीत तेलावर परतलेली तिखटाची तर्री, आणि एकीत त्या जपून ठेवलेल्या बिया. त्या धुऊन, चिकट धागे काढून, दिवसभर उन्हात वाळवायच्या आणि कढईत मीठ-तिखट लावून कुरकुरीत भाजायच्या. भोपळ्याला नाक मुरडणारी माणसंही बियांची वाटी संपवून उठतात. कोथिंबीरही वाटीतच राहू द्या. शेंगदाण्याची चटणी ठेवणार असाल आणि पंगतीत कुणाला ॲलर्जी असेल, तर मात्र ती ठेवूच नका. चमचे इकडचे तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

त्याच कारणाने भाजीचा डाव भाजीतच राहिला पाहिजे. ठेच्याचा चमचा चुकून भाजीच्या भांड्यात गेला की जैन पाहुणा न बोलता हात आखडता घेतो आणि आपल्याला वाटतं त्याला भाजी आवडली नाही. ठेचा, कांदा टेबलाच्या एका टोकाला आणि भाजी दुसऱ्या टोकाला, एवढं अंतर पुरेसं असतं. जोडीला ज्वारीची भाकरी, भात, साधं वरण. पोळ्यांना तूप लावून ठेवू नका, तूप ज्याचं त्याने घ्यावं. ताकात मुरवून वाळवलेली तळणीची मिरची व्हीगन पाहुण्याला चालत नाही, हे चटकन लक्षात येत नाही. मठ्ठ्याऐवजी सोलकढी केलीत तर सगळ्यांना चालेल, फक्त तिच्यात लसूण ठेचून घालायचा मोह आवरा.

पानावर बसल्यावर कुणाच्या पथ्याची जाहीर चर्चा करू नये. ‘ही खास तुझ्यासाठी बिनतुपाची हं’ असं सगळ्यांसमोर म्हटलं की त्या मुलीला घास गिळणं कठीण होतं आणि बाकीचे भाजीकडे संशयाने बघू लागतात. भाजीत काय आहे ते एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: खोबरं, तीळ, खसखस, चिंच, गूळ, तेल. तीस-चाळीस माणसांचं आणि हाताने वाढून घ्यायचं जेवण असेल तर भांड्याशेजारी चिठ्ठीवर हीच नावं मराठीत लिहून ठेवा.

राहिली मावशीची एकादशी. तिला बाकर भाजी चालायची नाही. मोहरी, मेथी, हळद, हिंग, धने यांतलं काहीच उपवासाला घेत नाहीत. तिच्यासाठी दीड किलोतला पाव किलो भोपळा आधीच बाजूला काढा, सोलून वाफवा आणि भरीत करा. जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, सैंधव, शेंगदाण्याचं कूट. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कुणी घरात असेल तर कुटाऐवजी ओलं खोबरं. काही घरांत उपवासाला जिरं चालतं, काहींत कोथिंबीरही; हे मावशीलाच विचारा, दुसऱ्या कुणाचं प्रमाण धरू नका. गंमत अशी की बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद आणि हा भोपळा, असं उपवासाचं जवळजवळ सगळं ताट मूळचं अमेरिका खंडातलं आहे, आणि राजगिऱ्याचाही त्यात नंबर लागतो. पण मावशीसमोर हे ज्ञान पाजळायची जागा जेवणाचं टेबल नव्हे.

हे भरीत एरवी दह्यातलं असतं. मैत्रिणीलाही ते खाता यावं असं वाटत असेल तर दह्याऐवजी नारळाचं दाट दूध घाला आणि भरीत गार झाल्यावर लिंबू पिळा. रायगडकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल घरांत मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, त्यामुळे नारळाच्या दुधावर स्वयंपाक कसा उभा करायचा हे त्यांच्याकडून शिकावं. दूध गरम भरितात ओतू नका; आधी भरीत कोमट होऊ द्या, नाहीतर ते फुटल्यासारखं दिसतं.

भाजी उरली तर दुसऱ्या दिवशी ती अधिक मुरते, पण फोडी मऊ पडलेल्या असतात. त्या सालीसकट कुस्करा, ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन मावेल तेवढं घाला, तीळ भुरभुरवून थालीपीठ लावा. पाणी घालायची गरज पडत नाही. भरितासाठी वाफवलेला साधा भोपळा शिल्लक असेल तर गरम असतानाच त्यात गूळ विरघळवा, वेलची, चिमूटभर मीठ आणि तेलाचं मोहन घाला, मावेल तेवढी कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि घारगे तळा. पुऱ्या जाडसर थापायच्या, आच मध्यम ठेवायची. गुळामुळे त्या झपाट्याने काळपट होतात आणि आतून कच्च्या राहतात. गार झाल्यावर डब्यात भरले तर तीन दिवस चांगले राहतात, आणि मुलीच्या मैत्रिणीला डबा भरून देताना आत तूप आहे का, हे तिला विचारावं लागत नाही.